प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाकडे एक तालुका हवा

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात वैद्यकीय महाविद्यालये ज्या वेगाने वाढली, तो वेग स्वातंत्र्यानंतरच्या कोणत्याही दशकाने पाहिला नव्हता. २०१४ पूर्वी देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती आणि एमबीबीएसच्या जागा ५१,३४८ होत्या. २०२४ पर्यंत महाविद्यालयांनी सातशेचा टप्पा ओलांडला आणि जागा एक लाखाच्या पुढे गेल्या. ज्या जिल्ह्यांत कधी कोणी वैद्यकीय महाविद्यालयाचे स्वप्नही पाहिले नव्हते, तेथे आज जिल्हा रुग्णालयाला लागून व्याख्यानगृहे आणि वसतिगृहे उभी राहत आहेत. या वाढीचे मी स्वागत करतो. डॉक्टरांची टंचाई असलेल्या देशाने अधिक डॉक्टर घडवायला हवेत, यावर दुमत असण्याचे कारण नाही.

तरीही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. महाविद्यालय चांगले आहे की वाईट, हे आपण ठरवतो कशावरून? आजचे उत्तर असे आहे: खाटा किती, बाह्यरुग्ण विभागात रोज किती रुग्ण येतात, अध्यापक किती, त्यांची हजेरी किती, ग्रंथालयाचे क्षेत्रफळ किती. या सगळ्या गोष्टी आवश्यक आहेत, हे खरे. पण त्यांत एक समान दोष आहे: त्यांचा देखावा उभा करता येतो. तपासणीच्या दिवशी खाटांवर आणून झोपवलेले रुग्ण आणि केवळ कागदावर नोकरी करणारे अध्यापक यांच्या कथा आपल्याकडे आता कोणाला धक्का देत नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२-२३ मध्ये सुमारे अडीचशे महाविद्यालयांची पाहणी केली, तेव्हा बहुसंख्य ठिकाणी असे कागदी अध्यापक आढळले आणि किमान ५० टक्के हजेरीची अट एकाही महाविद्यालयाने पूर्ण केलेली नव्हती. २०२५ च्या जूनअखेरीस केंद्रीय अन्वेषण विभागाने महाविद्यालयांच्या तपासण्यांतील लाचखोरीबद्दल जो गुन्हा नोंदवला, त्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयातील अधिकाऱ्यांवरही आरोप आहेत. न्यायालयात काय सिद्ध व्हायचे ते होईल. पण जे मोजमाप विकत घेता येते ते मोजमापच बदलायला हवे, एवढा निष्कर्ष काढण्यासाठी निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

माझ्या मते मोजायला हवी अशी एक गोष्ट आहे, आणि एका दिवसाच्या तपासणीसाठी तिचे नाटक उभे करता येत नाही. महाविद्यालयाच्या आसपास राहणाऱ्या लोकांचे आरोग्य, हीच ती गोष्ट. तेथे बाळंतपणात स्त्रिया मरतात का? अर्भके वर्षभराची होतात का? क्षयाचा रुग्ण औषधांचा क्रम पूर्ण करतो का? कोणत्या आजाराने लोक हैराण आहेत आणि तो का होतो, याचा शोध ते महाविद्यालय घेते का? वैद्यकीय महाविद्यालयाची तीन कामे सांगितली जातात: रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन. आपल्या सरकारी कागदपत्रांत या तिन्हींचे रकाने वेगळे असतात. मात्र जेथे जेथे हे काम खरोखर चांगले झाले आहे, तेथे हे तीन रकाने एकमेकांत मिसळलेले दिसतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण तमिळनाडूतील वेल्लोर येथे आहे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची कथा १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरू होते. आयडा स्कडर या अमेरिकी मिशनरी कुटुंबातील तरुणी. पुरुष डॉक्टरला पत्नीजवळ येऊ देणार नाही, असे म्हणणाऱ्या कुटुंबांतील स्त्रिया बाळंतपणात दगावलेल्या तिने पाहिल्या आणि डॉक्टर होऊन ती परतली. रुग्णालय उभे राहिले, तरी रुग्णालयापर्यंत न पोहोचणाऱ्यांचे काय, हा प्रश्न तिला सुटला नाही. म्हणून ती मोटारीत औषधे घालून रस्त्याकडेच्या झाडाखाली थांबत थांबत गावोगाव जाऊ लागली. आपल्या एकटीने हे होणार नाही हे कळल्यावर १९१८ मध्ये तिने स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. तिचे १९४२ मध्ये एमबीबीएसच्या महाविद्यालयात रूपांतर झाले आणि १९४७ पासून तेथे पुरुषांनाही प्रवेश मिळू लागला. या इतिहासातील क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी लोकांची गरज, मग तिच्यापर्यंत पोहोचण्याची खटपट, आणि त्या खटपटीतून शाळा. आज आपण नेमके उलट करतो. आधी इमारत बांधतो, मग तिच्यासाठी रुग्ण शोधतो.

या संस्थेतील संशोधनही प्रयोगशाळेच्या बंद दाराआड सुरू झाले नाही. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरला आले, तेव्हा कुष्ठरोगाने बोटे गळून पडतात, मांस सडते, असेच डॉक्टरही मानत असत. ब्रँड यांनी रुग्णांचे हात बारकाईने पाहिले, ते दिवसभर काय करतात याची चौकशी केली. त्यांच्या ध्यानात आले की रोग बोटे खात नाही. रोग संवेदना नाहीशी करतो, आणि वेदना कळत नसल्याने रुग्णाला चटके बसतात, जखमा होतात, त्या चिघळतात आणि बोटे झिजतात. हे कळताच उपचाराची दिशा बदलली. निकामी स्नायूंच्या जागी चांगल्या स्नायूंचे कंडर वळवून वाकडी झालेली बोटे पुन्हा कामाला लावण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. हात कसे जपावेत याचे शिक्षण रुग्णांना मिळू लागले. आणि बरे झालेल्यांनी पोट कसे भरावे याचाही विचार होऊ लागला. याच संस्थेतील डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे अपंगांच्या पुनर्वसनाचा विभाग उभा केला. निरीक्षण, उपचार आणि शिक्षण यांपैकी येथे आधी काय झाले आणि नंतर काय, हे सांगणे कठीण आहे.

दुसरे उदाहरण पोलिओचे. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीच्या जितक्या मात्रा पाश्चात्त्य देशांतील मुलांना पुरतात, तितक्या आपल्याकडील मुलांना पुरत नाहीत, हे वेल्लोरमधील विषाणुशास्त्रज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. आपल्या मुलांना अधिक मात्रा हव्यात आणि त्या एकेका मुलाला सवडीने देण्याऐवजी एका भागातील सर्व मुलांना एकाच वेळी द्याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. पुढे पल्स पोलिओ या नावाने घराघरांत पोहोचलेल्या मोहिमेमागे हाच विचार होता. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधले, तेव्हा रक्ताचे नमुने तपासण्यासाठी वेल्लोरलाच नेले होते.

तिसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे, आणि या लेखाच्या मुद्द्यासाठी ते सर्वांत उपयोगी आहे. लहान मुलांना होणाऱ्या तीव्र अतिसाराचे एक मोठे कारण म्हणजे रोटा विषाणू. वेल्लोरच्या गरीब वस्त्यांतील ४५२ बालकांची जन्मतःच नोंद करून डॉ. गगनदीप कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. कार्यकर्ते आठवड्यातून दोनदा प्रत्येक घरी जात, दर पंधरवड्याला मुलांच्या शौचाचा नमुना घेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. मेक्सिकोतील पूर्वीच्या अभ्यासात दोनदा संसर्ग होऊन गेलेल्या मुलांना तीव्र आजारापासून जवळपास पूर्ण संरक्षण मिळालेले दिसले होते. वेल्लोरच्या मुलांमध्ये तीनदा संसर्ग झाल्यावरही हे संरक्षण ७९ टक्केच होते. म्हणजे परदेशात यशस्वी ठरलेली लस येथे तितकीच यशस्वी ठरेल, असे गृहीत धरता येणार नव्हते.

याच विषाणूवरील भारतीय लशीचे बीजही एका रुग्णालयातच सापडले. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समधील नवजात बालकांच्या कक्षात काही बाळांना रोटा विषाणूचा संसर्ग झालेला होता, तरी ती आजारी पडलेली नव्हती. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नजरेतून ही विसंगती सुटली नाही. त्या बाळांपासून मिळालेल्या विषाणूपासून पुढे लस तयार झाली. तिची मोठी चाचणी दिल्ली, पुण्याजवळील वढू आणि वेल्लोर या तीन ठिकाणी सुमारे ६,८०० अर्भकांवर झाली. तीव्र रोटा अतिसाराचे प्रमाण पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्क्यांनी घटल्याचे तीत दिसले. २०१६ पासून रोटा विषाणूवरील लस सरकारी लसीकरण कार्यक्रमात आली. वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण केंद्र अनेक वर्षे काम करीत होते, म्हणूनच तेथे अशी चाचणी होऊ शकली, हेही लक्षात घ्यावे. घराघरांशी वर्षानुवर्षांचा संबंध नसेल, तर चाचणीसाठी पैसा असूनही भागत नाही.

हा संबंध वेल्लोरमध्ये जाणीवपूर्वक जोपासला गेला. कनियंबाडी या लगतच्या विकासगटात, म्हणजे आपल्या भाषेत एका तालुक्याएवढ्या प्रदेशात, महाविद्यालयाचा सामुदायिक आरोग्य विभाग अनेक दशके काम करीत आला आहे. लोकसंख्या लाखाच्या घरात. प्रत्येक गावातील आरोग्यसेविका, तिच्या कामावर देखरेख ठेवणारी परिचारिका आणि त्यांच्या मागे डॉक्टर, अशी साखळी. कोणाच्या घरी बाळ जन्मले, कोण गर्भवती आहे, कोण दगावले, याची नियमित नोंद. १९७७ पासून के. व्ही. कुप्पम या दुसऱ्या विकासगटात आरोग्याच्या जोडीला शेती, रोजगार आणि शिक्षणाचेही काम सुरू झाले. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकातून डोके वर काढण्याआधीच खेड्यात मुक्कामाला जातात, घरोघर फिरतात, पाणी कोठून येते आणि पैसा कोठे जातो हे विचारतात. पुढच्या वर्षांत ते पुन्हा गावांत येतात, तेव्हा त्यांच्याकडे अधिक प्रश्न असतात. शहरातील गरिबांसाठी महाविद्यालयाने वेगळे, कमी खर्चाचे उपचार केंद्र चालवले आहे. महागड्या तपासण्यांशिवाय केवळ नीट ऐकून आणि नीट तपासून किती निदान होऊ शकते, हे विद्यार्थ्याला तेथे कळते. आणि प्रायोजित जागेवर प्रवेश घेणाऱ्याला शिक्षण संपल्यावर दोन वर्षे एखाद्या गरजू भागातील रुग्णालयात काम करावे लागते.

वेल्लोरचे हे कौतुक करताना तेथील एक अस्वस्थ करणारे दृश्य झाकून ठेवणे योग्य होणार नाही. काटपाडी हे वेल्लोरचे रेल्वे स्थानक. तेथे उतरणाऱ्या गर्दीत तमिळपेक्षा बंगाली, असमिया आणि हिंदी अधिक ऐकू येते. रुग्णालयासमोरच्या गल्ल्यांतील खाणावळी आणि लॉजच्या पाट्या बंगालीत आहेत. पश्चिम बंगाल, झारखंड, आसाम, त्रिपुरा येथून आणि बांगलादेशातूनही माणसे दोन-दोन दिवसांचा प्रवास करून येथे येतात. मी त्या गल्लीत काही माणसांशी बोललो तेव्हा कोणी शेत गहाण टाकले होते, तर कोणाला मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांत हात घालावा लागला होता. ही वेल्लोरच्या लौकिकाची पावती आहेच; पण त्याहून अधिक ती त्या रुग्णांच्या स्वतःच्या जिल्ह्यांवरील ताशेरा आहे. आज त्यांच्याही जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालये निघत आहेत. तरीही त्यांनी काटपाडीचे तिकीट का काढावे? कारण इमारत जवळ आली तरी विश्वास जवळ आला नाही. विश्वास इमारतीतून निर्माण होत नाही. आपल्या आजाराची या लोकांना काळजी आहे, या अनुभवातून तो निर्माण होतो.

महाविद्यालयाने लोकांत जावे, हा विचार आपल्या देशात नवा नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने असे म्हटले होते की उद्याचा डॉक्टर ‘सामाजिक वैद्य’ असला पाहिजे, आणि त्यासाठी शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाला तीन महिने दिले पाहिजेत. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने पुन्हा तेच सांगितले. १९७७ मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देण्याची योजना आणली. प्रत्येक महाविद्यालयाने सुरुवातीला तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी आणि हळूहळू सारा जिल्हा कवेत घ्यावा, अशी तिची कल्पना होती. महाविद्यालयांना त्यासाठी फिरते दवाखाने म्हणून मोठ्या गाड्या मिळाल्या. त्या गाड्या कालांतराने आवारात गंजत उभ्या राहिल्या आणि योजना इतिहासजमा झाली.

ती का फसली, याचा विचार आज करायला हवा, कारण तीच चूक आपण पुन्हा करू पाहत आहोत. माझ्या समजुतीप्रमाणे कारण सोपे आहे. महाविद्यालयाला गावे ‘दत्तक’ दिली गेली, पण त्या गावांतील आरोग्य केंद्र, तेथील कर्मचारी आणि औषधे यांवर महाविद्यालयाचा कसलाही अधिकार नव्हता. आणि गावांत काही बिघडले तर महाविद्यालयाला जाब विचारणाराही कोणी नव्हता. अधिकार नाही, उत्तरदायित्वही नाही, अशा संबंधातून सहलीपलीकडे काही निष्पन्न होत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आता प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असा कार्यक्रम आखला आहे. हेतू उत्तम आहे. पण विद्यार्थी वहीत रक्तदाबाचा आकडा लिहितो आणि पुढे त्या आकड्याचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते, असे झाले तर त्या कुटुंबाला आपण फक्त एक उपद्रव दिला असे होईल. पुढल्या भेटीला दार उघडण्याचे त्यांना कारणच उरणार नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. वेल्लोर ही धर्मादाय संस्था. तिला शंभर वर्षांची परंपरा आहे, देशविदेशातील हितचिंतक आहेत. सरकारी महाविद्यालयाला हे जमेल का? याचे उत्तर दिल्लीपासून फार दूर नाही. एम्सने १९६५ पासून राज्य सरकारच्या सहकार्याने हरियाणातील बल्लभगड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प चालवला आहे. दयालपूर आणि छांयसा ही दोन प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांखालची २८ गावे यांची आरोग्यसेवा व नोंदी एम्सच्या देखरेखीखाली आहेत. तेथे आंतरवासिता करणारे आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर राहतात आणि शिकतात. आरोग्य केंद्र राज्याचे, तरीही ते चालवण्याची जबाबदारी महाविद्यालयाची, अशी व्यवस्था सरकारी चौकटीतही शक्य आहे, हे बल्लभगडने सिद्ध केले आहे. प्रश्न एवढाच की साठ वर्षांत त्याची नक्कल इतकी थोडी का झाली?

महाराष्ट्रातील वाचकांना आणखी एक उदाहरण परिचयाचे असेल. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान उभारले. तेथे नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहून शिबिर करतात, प्रत्येक तुकडी एक गाव निवडते आणि त्या गावाशी शिक्षण संपेपर्यंत संबंध ठेवते. या संस्थेच्या प्रवेश परीक्षेत पूर्वी गांधी विचारावरील स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. आता ती नाही, कारण देशभर एकच परीक्षा आहे.

येथे आपण एका कठीण वादाजवळ येतो. वेल्लोरनेही आपली निवड पद्धत राखण्यासाठी दीर्घ कायदेशीर लढा दिला. तेथे लेखी परीक्षेनंतर उमेदवारांना काही दिवस बोलावून त्यांची वृत्ती, एकमेकांशी वागणे आणि सेवेची तयारी पाहिली जात असे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामाईक परीक्षा रद्द केली, ती याच महाविद्यालयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात. २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला. २०१७ मध्ये नव्या नियमांशी जुळवून न घेता आल्याने महाविद्यालयाने एमबीबीएसच्या शंभर जागांपैकी केवळ एका जागेवर प्रवेश दिला. आणि २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नीट’ अल्पसंख्याक संस्थांनाही लागू होते, असा निर्णय दिला.

मी या निर्णयाच्या विरोधात नाही. देणग्या घेऊन जागा विकणाऱ्या महाविद्यालयांनी या देशात जो बाजार मांडला होता, त्याला आळा घालायचा तर सर्वांना समान परीक्षा हवी होती. पण परीक्षा काय मोजते आणि काय मोजत नाही, हे आपण विसरू नये. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेत भौतिकशास्त्र कळते, जीवशास्त्र कळते. रात्री दोन वाजता उपकेंद्रावर आलेल्या बाईसाठी उठण्याची तयारी कळत नाही. १९८९ ते २००० या काळात एम्समधून पदवी घेतलेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के डॉक्टर देशाबाहेर स्थायिक झाल्याचे एका अभ्यासात आढळले होते. देशातील सर्वांत कठीण परीक्षा उत्तीर्ण झालेली ही मुले होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या शिक्षणाचा सारा ओघ अतिविशेष रुग्णालयाकडे आहे, ते शिक्षण त्यांना जेथे नेणार तेथेच त्यांना घेऊन गेले. प्रवेशद्वाराशी वृत्ती तपासण्याचा मार्ग बंद झाला असेल, तर वृत्ती घडवण्याचा दुसरा मार्ग उरतो. तो म्हणजे ती साडेपाच वर्षे. म्हणूनच ‘नीट’नंतरच्या काळात सामुदायिक आरोग्याचे शिक्षण पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे.

तर मग करायचे काय? माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला, सरकारी असो वा खासगी, साधारण एक लाख लोकसंख्येचा निश्चित प्रदेश नेमून द्यावा. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे महाविद्यालय व जिल्हा आरोग्य विभाग यांनी लेखी कराराने संयुक्तपणे चालवावीत. कोणाचे पैसे, कोणाचे कर्मचारी आणि कोणाचा शब्द अखेरचा, हे त्या करारात स्पष्ट असावे. आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका यांना त्या कामात विद्यार्थ्यांच्या शिक्षिकांचे स्थान व त्याचे मानधन मिळावे, कारण गावाचे आरोग्य त्यांच्याइतके कोणत्याही प्राध्यापकाला कळत नाही.

दुसरे, त्या प्रदेशातील माता मृत्यू, अर्भक मृत्यू, लसीकरण, क्षय, रक्तदाब आणि मधुमेह यांचा अहवाल महाविद्यालयाने दरवर्षी स्थानिक भाषेत जाहीर करावा आणि तो ग्रामसभांपुढे ठेवावा. मान्यतेचे नूतनीकरण आणि नव्या जागांची मंजुरी ठरवताना या अहवालाला खाटांइतकेच वजन असावे. आकडे लपवले जातील, ही भीती रास्त आहे. पण खाटा मोजायला दिल्लीहून येणाऱ्या निरीक्षकाला फसवणे सोपे असते. आपल्या गावात गेल्या वर्षी कोण बाळंतपणात दगावली हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्याला फसवणे अवघड असते.

तिसरे, अध्यापकांच्या पदोन्नतीचे निकष बदलावेत. आज पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात आणि म्हणून कोणाच्याही उपयोगाचे नसलेले निबंध लिहिले जातात. २००५ ते २०१४ या काळातील एका पाहणीत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध आढळला नव्हता, तर केवळ २५ संस्थांचा वाटा ४० टक्क्यांचा होता. यावर उपाय म्हणून निबंधांची सक्ती केली गेली. त्याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील एक प्रश्न घ्यावा, मग तो सर्पदंशाचा असो, सिकलसेलचा असो, पाण्यातील फ्लोराइडचा असो वा कीटकनाशकांच्या विषबाधेचा, आणि पाच वर्षे त्याचा छडा लावावा. तालुक्यात दहा वर्षे काम केलेल्या अध्यापकाला ते काम पदोन्नतीत मोजले जाईल, याची खात्री हवी.

गंभीर आक्षेप एकच उरतो, आणि तो बाजूला सारता येणार नाही. गरीब वस्ती महाविद्यालयाच्या हाती दिली की ती प्रयोगाचे मैदान तर होणार नाही ना? आपला इतिहास पाहता ही शंका निराधार नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे एचपीव्ही लशीचा जो प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला, तो २०१० मध्ये थांबवावा लागला. अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी वा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. यातून लोकांत संशोधनच करू नये, असा धडा काही जण घेतात. माझ्या मते धडा वेगळा आहे. बाहेरून येऊन, नमुने घेऊन, निघून जाणारे संशोधन धोक्याचे असते. जो डॉक्टर उद्याही त्याच केंद्रात बसणार आहे, ज्याला बाजारात त्याच मुलीचा बाप भेटणार आहे, त्याच्यावर संमतीचे बंधन कागदापुरते राहत नाही. त्याखेरीज ग्रामसभेतील प्रतिनिधींना नैतिकता समितीत स्थान द्यावे आणि संशोधनाचा निष्कर्ष आधी त्या गावाला सांगावा, असा नियम करावा. सेवा आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम पाळला तर लोक प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतात. हे दोन्ही एकाच दारातून आत जावेत, एवढीच अट आहे.

खर्चाचा मुद्दाही येईल. खर्च होईल, पण एका नव्या महाविद्यालयाच्या बांधकामावर जे शेकडो कोटी रुपये ओतले जातात, त्यांच्या तुलनेत एका तालुक्याच्या आरोग्य व्यवस्थेचा वाढीव खर्च किरकोळ ठरावा. शिवाय त्या तालुक्यात वेळीच सापडलेला रक्तदाब आणि वेळीच पूर्ण झालेला क्षयोपचार यांमुळे वाचणारा पैसा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नसला, तरी तो शेत गहाण ठेवणाऱ्या कुटुंबाच्या घरात दिसतो.

पुढील काही वर्षांत आणखी हजारो जागा मंजूर होतील, आणखी कोनशिला बसतील. मंत्र्यांना त्या समारंभांत खाटांचा आणि जागांचा आकडा सांगायचा असेल तर जरूर सांगावा. पण तेथे जमलेल्या लोकांपैकी कोणीतरी एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते: हे महाविद्यालय आमच्यापैकी कोणाच्या आरोग्यासाठी जबाबदार असेल, आणि ते काम त्याने केले की नाही हे आम्हाला कधी व कोण सांगेल? या प्रश्नाला ज्या दिवशी तालुक्याच्या नावासह उत्तर मिळू लागेल, त्या दिवसापासून आपली वैद्यकीय महाविद्यालये वाढली, असे म्हणता येईल.